पुडीवरची वाळू

इब्राहीमने हातोडी खाली ठेवली, तबल्याच्या किनारीवर बोट आपटलं आणि समोर तांदूळ निवडत बसलेल्या सलीमाच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही; डावी भुवई तेवढी किंचित चढली. डाव्या अंगाचं घर, म्हणजे पुडीच्या कातड्याचा त्या बाजूचा भाग, सुरात चढलंय, हे इब्राहीम समजला. त्याने तबला फिरवला, पुडीभोवतीच्या चामडी गजऱ्याला खालून हलका ठोका दिला, पुन्हा बोट मारलं आणि पुन्हा पाहिलं. आता सलीमा सुपातला खडा शोधण्यात अगदी गढून गेली होती. म्हणजे झालं. तबला सुरात आला होता, आणि इब्राहीमने तो फडक्याने पुसून फळीवर ठेवला.

गेली चार वर्षं वडशाच्या स्टेशनरोडवरच्या त्या एका खोलीच्या दुकानात तबले असेच सुरात लागत होते. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, आणि त्या दोघांनीही ती कधी एकमेकांना बोलून दाखवली नव्हती.

इब्राहीमचे कान गेले होते. एकदम गेले असते तर त्याने हकीम-डॉक्टर पाहिले असते, दर्ग्याला चादर चढवली असती. पण ते उन्हाळ्यातल्या बोडीच्या तळ्यातल्या पाण्यासारखे काठाकाठाने आटत गेले. आधी डासाची गुणगुण गेली, तेव्हा त्याला बरंच वाटलं. मग छोट्या गाडीच्या शिटीचं टोक गेलं. मग एक दिवस तबल्याच्या किनारीवरचा तो कोवळा, टोकदार 'ना' गेला, आणि तो गेलाय हेच त्याला कळलं नाही. आवाज बसका येतोय, म्हणजे पुडीवरची शाई कमी पडली असणार, असं त्याने धरलं. कान मंद झालेत हे मनात यायच्या आधी तबला करणाऱ्याच्या मनात शाईच येणार. लोखंडाची भुकटी, कोळसा आणि भाताची खळ घोटून तो थरावर थर चढवत गेला. आरमोरीच्या भजनी मंडळाचा तो तबला आठ दिवसांत परत आला. शाई दुप्पट जाड झाली होती आणि तबला मडक्यासारखा वाजत होता. यंदा तांदूळ ओला निघाला, खळ बिघडली, असं सांगून इब्राहीमने वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी सलीमाने आपला पाट चुलीजवळून उचलला आणि त्याच्या बरोबर समोर आणून टाकला. उजेड इथी चांगला येते, एवढंच ती म्हणाली.

सलीमाला सुराचं शिक्षण कुठलं असायला. पण पस्तीस वर्षं रोज तबले लागताना ऐकलेल्या बाईला, आरवण्यावरून कोंबडं कोणाचं ते ओळखावं तसं, उतरलेलं घर कानाला टोचायचं. इब्राहीम हात चालवी, ती कान चालवी, आणि गिऱ्हाईक म्हणे की इब्राहीमच्या हाताला तोड नाही.

सत्तावन्न सालच्या दिवाळीच्या तोंडावर पोंभुर्ण्याहून पत्र आलं. लेक नूरीचं तिसरं बाळंतपण होतं, तिची सासू मागच्या साली वारलेली, घरात करायला बाईमाणूस नाही. सलीमाला जाणं भाग होतं आणि गेली की चाळीस दिवस तरी सुटका नव्हती. एरवी इब्राहीमने स्वतः नेऊन पोचवलं असतं. पण दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावागावांत जत्रा भरते, आणि जत्रा म्हटली की नाटक. सगळ्या नाटकमंडळ्यांचे तबले-डग्गे त्याच पंधरवड्यात दुकानात येऊन पडायचे. त्यात यंदा इसरूने नवा तबला सांगितला होता. इसरू म्हणजे या भागातला नावाजलेला तबलजी. सोळा घरांतलं एक घर केसभर उतरलेलं असलं तरी तबला मांडीपाशी घ्यायचा नाही. वीस वर्षं तो इब्राहीमचीच पुडी वाजवत आला होता. त्याने नाक मुरडलं तर उद्या तो नागपूरला जाईल, आणि त्याच्यामागे एकेक करून सगळे जातील, हे इब्राहीमला स्वच्छ दिसत होतं.

सलीमालाही दिसत होतं. स्टेशनावर गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून वाकून, त्याला ओठ दिसतील अशा बेताने सांगितलं, "इसरूचं काम घेऊ नका. तब्येत बरी नाई म्हना."

"म्हनतो," इब्राहीम म्हणाला. गाडी गेली. तो घरी आला आणि बीजाच्या झाडाचं खोड काढून इसरूच्या तबल्याला बसला. साठीला टेकलेल्या माणसाने कधीतरी बायकोचं ऐकावं, पण हातातलं काम सोडून द्यायचं म्हणजे करायचं काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

काम हाताचं होतं तोवर अडचण आली नाही. कातडं भिजवलं, बेतलं, गजरा विणला, चामडी वाद्या ओढल्या, शाईचे थर मोजून चढवले. यंदा थर त्याने बोटांवर मोजले आणि एकही जास्त घातला नाही. पाचव्या दिवशी तबला उभा राहिला. मग त्याने किनारीवर बोट मारलं आणि सवयीने समोर पाहिलं. समोर रिकामा पाट होता. पुडी बोटाखाली थरथरली एवढंच त्याला कळलं. चढली की उतरली, काही म्हणता काही कळेना. त्याने अंदाजाने इथे एक, तिथे एक ठोका दिला, आणि आपण होतं तेही बिघडवत असू या भीतीने हातोडी टाकून दिली.

या दिवसांत दुकानात रोज येऊन बसणारा माणूस एकच होता, देवाजी मास्तर. हायस्कूलात गणित शिकवायचा, पस्तिशीचा गडी, आणि नोकरी सांभाळून नागपूरच्या एम.ए.ला बाहेरून बसलेला. एकदा नापास झाला होता. घरी चार पोरं आणि एक कंदील, म्हणून शाळा सुटली की तो पुस्तक घेऊन इब्राहीमकडे यायचा. त्याचा आवाज शेवटच्या बाकावरच्या झोपलेल्या पोराला जागं करील असा होता. वडशात इब्राहीमला धड ऐकू येणारा तो एकटाच माणूस, त्यामुळे मास्तर आला की त्याला मनापासून आनंद व्हायचा. तो आनंद गणिताचा आहे असं मास्तर समजत होता.

मास्तरचा घोडा एकाच जागी अडला होता. बेसेल नावाच्या कोण्या जर्मन माणसाच्या नावाचं एक फंक्शन होतं, आणि गोल ताणलेल्या पडद्याच्या थरथरीचा हिशेब त्यावर बसवायचा होता. मागच्या खेपेला तो याच प्रश्नात बुडाला होता. समजावून सांगता आलं म्हणजे समजलं, असं त्याचं मत असल्याने त्याने इब्राहीमलाच विद्यार्थी केलं.

"इब्राहीमभाई, फंक्शन म्हणजे काय, तर धानाची गिरणी," मास्तर म्हणाला. "इकडून धान टाकलं का तिकडून तांदूळ पडते. इकडून एक आकडा टाका, तिकडून दुसरा आकडा पडते. अन् तोच आकडा टाकला तर दर खेपेला तोच पडते. गिरणीनं बेइमानी करायची नाई, एवढीच अट."

"मंग या जर्मन गिरणीत का टाकायचं?"

पुडीच्या मधापासून किती दूर, तो आकडा टाकायचा, मास्तरने सांगितलं. तिथे कातडं किती वर-खाली होतं, तो आकडा बाहेर पडतो. मग त्याने वहीत चित्र काढून दाखवलं. बोडीत दगड टाकला की मधे पाणी उंच उठतं, मग खाली जातं, पुन्हा उठतं, पण दर वेळी थोडं कमी. काठाकडे जाता जाता लाट दमत जाते. ही दमत जाणारी लाट म्हणजेच ते फंक्शन. वर जाताना आणि खाली येताना ती जिथे जिथे सपाटीला येते, ती ठिकाणं महत्त्वाची, कारण पुडी काठाला बांधलेली असते, काठ हलू शकत नाही. म्हणून लाटेने काठावर नेमकं सपाटीलाच आलं पाहिजे.

इब्राहीमने वही हातात घेऊन चित्र नीट पाहिलं. इथवर सगळं त्याला पटलं होतं.

घोळ पुढे होता. सतारीच्या तारेवर ही सपाटीची ठिकाणं सारख्या पावलांनी येतात, म्हणून तिच्या मूळ सुरात दुप्पट, तिप्पट असे गोड सूर मिसळतात. पण बेसेलची पावलं सारखी पडत नाहीत. पहिलं पाऊल दोन पूर्णांक चार दशांशाचं, पुढचं तीनच्याही वर. त्यामुळे पुडीतून निघणारे सूर एकमेकांशी जमत नाहीत. कोणी दीडपटीच्या थोडं वर, कोणी दुपटीच्या थोडं पुढे, जत्रेत हात सुटलेल्या माणसांसारखे. सरळ हिशेबाने पाहिलं तर ताणलेल्या कातड्यातून नुसता धड असा आवाज निघावा, सूर निघूच नये. आणि इथे इब्राहीमच्या फळीवर बारा तबले सुरात लागून बसलेले. गणित खोटं का तबला खोटा, या पेचात मास्तरचे पंधरा दिवस गेले होते.

इब्राहीमने वहीतल्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमची पुडी उघडी हाय. तिले शाई कुठी लावली तुमी?"

मास्तरने वही ओढून घेतली आणि गोलाच्या मधे काळा ठिपका काढला. उघडं कातडं हलगीसारखं धडधडतं, हे इब्राहीमला बाप-आजापासून ठाऊक होतं. मधे शाईचं वजन बसलं की तेच कातडं गायला लागतं. दमलेल्या लाटेला मधे ओझं दिलं की तिची पावलं सारखी पडतात, हे त्याच गोष्टीचं मास्तरच्या भाषेतलं रूप होतं. मास्तरने ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि त्या दिवशी चहा त्याने मागवला.

तिथून मास्तरला चेव चढला. पुस्तकात एक प्रयोग दिला होता: पुडीवर बारीक वाळू भुरभुरवायची आणि वाजवायचं. जिथे कातडं हलतं तिथून वाळू उडते, आणि जिथे ते मुळीच हलत नाही तिथे ती जाऊन बसते. म्हणजे न हलणाऱ्या जागेचं चित्र डोळ्यांना दिसतं. त्याने वैनगंगेची वाळू आणून मलमलीतून चाळली आणि पिठासारखी बारीक करून कागदात बांधून आणली. शाळेतून येता येता निम्मी खिशात सांडली होती.

"इसरूचाच तबला घ्या, नवा आहे," मास्तर म्हणाला. इब्राहीमला नाही म्हणता आलं नाही.

काळ्या शाईवर पांढुरकी वाळू पसरली. इब्राहीमने अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवली आणि तर्जनीने किनारीवर 'ना' मारला, एकदा, दोनदा, सातआठदा. वाळू नाचली, सरकली, आणि पुडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ उमटली. रेघ त्याच्या अनामिकेखालूनच निघाली होती. हे बेसेलच्या धाकट्या भावाचं काम, मास्तर सांगू लागला. या घराण्यात पुष्कळ भाऊ आहेत, थोरल्याच्या लाटा नुसत्या गोल, दुसऱ्याची एक रेघ मधून जाते, तिसऱ्याच्या दोन.

इब्राहीम ऐकतच नव्हता. तो आपल्या बोटाकडे पाहत होता. वयाच्या नवव्या वर्षी बापाने ते बोट धरून तिथे टेकवलं होतं आणि सांगितलं होतं की इथे ठेव, इथे कातडं झोपलेलं असतं. का झोपलेलं असतं ते बापालाही माहीत नव्हतं. पन्नास वर्षं त्या बोटाखाली ही रेघ होती आणि ती आज पहिल्यांदा दिसत होती.

पण रेघ सरळ नव्हती. शाईच्या मधापर्यंत बरी आली होती आणि तिथून उजवीकडे कललेली, जणू कोणी कोपराने ढकलली होती. इब्राहीमने तबला जवळ ओढला. ज्या अंगाला रेघ कलली होती तिथल्या गजऱ्यावर वरून एक ठोका दिला, पुन्हा वाळू पसरली, पुन्हा वाजवलं. रेघ आणखी कलली. म्हणजे उलटं. त्याने तिथे खालून मारलं आणि समोरच्या अंगाला वरून. रेघ थोडी वळली. मग आणखी एक ठोका, बोटभर बाजूला. मग तबला एक घर फिरवून पुन्हा तेच. मास्तर काहीतरी बोलत होता, मग बोलायचा थांबला. पंधरा-वीस मिनिटांनी वाळू पसरून इब्राहीमने शेवटचा 'ना' मारला तेव्हा रेघ काठापासून काठापर्यंत नांगराच्या तासासारखी सरळ पडली होती.

"आता लागला," मास्तर म्हणाला. "सोळाही घरं एक झाली."

इब्राहीमने मान वर केली. त्याच्या तोंडावर जे होतं ते पाहून मास्तरला शंका आली. तबला करणाऱ्याला तबला लागल्याची बातमी दुसऱ्याने द्यावी लागत नाही. मास्तर उठला, दाराकडे तोंड करून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात त्याने विचारलं की चहा घेता का. मागून काही उत्तर आलं नाही. मास्तर जागेवर येऊन बसला आणि एक हात इब्राहीमच्या गुडघ्यावर ठेवला.

"कधीपासून, इब्राहीमभाई?"

इब्राहीमने पुडीवरची वाळू हळूच फडक्यावर ओतून घेतली. एक कणही सांडू दिला नाही. "चार सालं झाली," तो म्हणाला. "नूरीच्या मायचे कान वापरून राह्यलो."

मग सगळंच बाहेर आलं. आरमोरीचा तबला, समोर आणून टाकलेला पाट, चढणारी भुवई. सांगताना त्याला लाज वाटली, आणि सांगून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की त्याचीही लाज वाटली. मास्तरने हे कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली, त्याच्या नेहमीच्या आवाजात, त्यामुळे समोरच्या सायकलवाल्याने वळून पाहिलं.

एक गोष्ट उरली होती. रेघेने घरं सारखी झाली, पण तबला नाटकाच्या पेटीशी जुळायला हवा. काळी चार पट्टी म्हणजे काळी चारच. यावर मास्तरने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेची प्रार्थनेची पेटी खांद्यावर घेऊन आला. त्याने पेटीच्या तोंडाशी तबला टेकवला, पुडीवर वाळू भुरभुरली, भाता जोरात मारला आणि काळी चारचा सूर धरून ठेवला. वाळू ढिम्म. इब्राहीमने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे एकेक ठोका खाली घेतले, आठचे आठ सारखे. पुन्हा सूर. पुन्हा ढिम्म. चौथ्या फेरीला वाळूचा एक कण हलला, मग दुसरा, आणि मग तबल्याला कोणी हात न लावता पुडीवरची सगळी वाळू आपोआप थरथरायला लागली. समोरचा सूर आपला ओळखून कातडं जागं झालं होतं.

इब्राहीम ते पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही. चार वर्षांत सूर पहिल्यांदा त्याच्याकडे आला होता, कानाच्या दाराने नाही, पण आला होता. मास्तरचा हात भरून आला तरी तो भाता मारतच राहिला.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी इसरू आला. बाहेर नाटकमंडळींची बंडी उभी होती, पडदे आणि पेटारे लादलेले. इसरूने मांडी घातली, तबला चुंबळीवर ठेवला आणि एका टोकापासून घरं तपासायला सुरुवात केली. एक बोट, एक घर, कान वाकडा. नवव्या घरावर तो थांबला, मागे आला, पुन्हा नववं वाजवून पाहिलं. फडक्याची गाठ सोडून वाळू काढावी असं इब्राहीमला वाटलं, पण परक्यासमोर ती काढायची म्हणजे सगळं उघड करायचं. इसरू पुढे सरकला. सोळाव्या घरानंतर त्याने एक ठेका धरला, बराच वेळ वाजवला, आणि मग खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलला.

इब्राहीमला एक शब्द कळला नाही. अशा वेळी करायचं काय ते त्याचं ठरलेलं होतं: मान हलवायची, हो हो म्हणायचं, आणि पुढच्या वाक्यावरून मागचं काय असेल ते ताडायचं. मान अर्धी हलवूनही झाली. पण हा तबला त्याने एकट्याने लावला होता, आणि त्याच्याबद्दल जे काही बोललं गेलं, बरं की वाईट, ते ऐकल्याशिवाय नुसतं हो म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

"इसरू, मले ऐकू नाई येत," तो म्हणाला. "इकडं पाहून मोठ्यानं बोल."

इसरू वळला आणि त्याच्यासमोर येऊन बसला.

"ठाऊक हाय, चाचा," तो म्हणाला. "तुमी सांगत नोहते, म्हनून आमी इचारत नोहतो. पर असा तबला तुमच्या हातचा मले चार-पाच सालांत नाई भेटला, हे म्या आत्ता म्हटलं." आणि ते नीट पोचलं की नाही याची खात्री नसल्याने त्याने तेच वाक्य पुन्हा इतक्या मोठ्याने सांगितलं की बंडीवरची माणसं खाली उतरून दारात आली.

त्या दिवसापासून लपवण्यासारखं काही राहिलं नाही. दिवस मंडईचे, माणसं गावोगावची. दोन आठवड्यांत आरमोरीपर्यंत सगळ्यांना कळलं. गिऱ्हाईक तुटलं नाही. मात्र जो येई तो आधी कुजबुजे, मग खाणाखुणा करी, मग मास्तरला मधे घाली, आणि यात इब्राहीमचा फार वेळ जाऊ लागला. शेवटी त्याने एक फळी रंधली आणि मास्तरकडून तिच्यावर रंगाने लिहून घेतलं: "तबले सुरात लावून मिळतील. मालकाला ऐकू येत नाही. मोठ्याने बोलावे." मास्तरला मधलं वाक्य जरा जास्त वाटत होतं. इब्राहीमने ते काढू दिलं नाही.

चाळिसाचे पंचेचाळीस दिवस करून सलीमा परत आली. गाडीतून उतरून, बोचकं डोक्यावर घेऊन ती दुकानापाशी आली आणि दारावरची फळी पाहून उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. आत मास्तर बसला होता. त्याने तिला तिन्ही वाक्यं वाचून दाखवली, शेवटच्या बाकापर्यंत जातील अशी.

सलीमा बोचकं उतरवून तिथेच उंबऱ्यावर बसली. "चार सालं म्या जीव मुठीत धरून लपवलं," ती म्हणाली. "तुमी फळीवर लिवून टाकलं." रागावली होती की रडत होती ते इब्राहीमला तिच्या तोंडावरून कळेना, एरवी हे तोंड त्याला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं. मास्तरला शाळेतलं एक काम आठवलं आणि तो वही काखेत मारून निघून गेला.

इब्राहीमने तिला पाणी दिलं. नूरीला मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या, हे तिने सांगितलं. मग त्याने फडकं सोडून वाळू काढली आणि दुरुस्तीला आलेल्या एका तबल्यावर तिला सगळं दाखवलं: रेघ कशी पडते, कललेली कशी सरळ होते. सलीमाने गुडघ्यावर हनुवटी ठेवून पाहिलं. रेघ सरळ झाली तेव्हा तिला आपसूक खडा शोधावासा वाटला, पण समोर सूप नव्हतं. आता आपलं इथे काय काम, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि ते आलेलं त्याला दिसलं.

"सगळंच सांगते का तुमची वाळू?" तिने विचारलं.

"घर चढलं-उतरलं सांगते," इब्राहीम म्हणाला. "गोड हाय का, ते नाई सांगत."

त्याने पुडी पुसली. तबला चुंबळीवर नीट बसवला आणि सगळी बोटं मोकळी ठेवून एक खुला बोल वाजवला. पुडी बोटाशी थरथरली, डोळ्यांना धूसर दिसली, मग स्वच्छ झाली. त्याच्यापुरता सूर संपला होता. त्याने तबला उचलायला हात पुढे केला तेव्हा सलीमाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा ना," ती म्हणाली. "अजून वाजून राह्यला."